काकूंची बाटली

रायपुरात मे महिन्याच्या दुपारी माणूस दोनच ठिकाणी शहाणा राहू शकतो: कूलरसमोर, नाहीतर तलावात गळ्याइतक्या पाण्यात. मी खोली बघायला गेलो ती अशीच एक दुपार होती. राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि माझ्यासारखी बदली होऊन आलेली माणसं हातात पिशव्या घेऊन ‘भैया, किराये से कमरा मिलेगा क्या’ असं गल्लोगल्ली विचारत फिरत होती. बूढापारा भागातल्या एका घराच्या ओसरीवर एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ डोक्यावर ओला पंचा टाकून विंझणा हलवत बसले होते. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. आणि त्यांच्या पाठीमागेच घरातला एकुलता एक कूलर मोठ्यानं घरघरत, एका बंद दाराच्या जाळीला तोंड लावून सगळी हवा आत सोडत होता.

मी अमरावतीचा. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं आमच्याकडे आपुलकीचं समजतात. मी विचारलं, "आत कोणी आजारी आहे का?"

"आजारी नाही बापा. पाहुणे आहे."

"मग त्यांनाही जरा बाहेर बसवा की ओसरीवर."

"त्यायले बाहेरची हवा सोसत नाही," ते म्हणाले, आणि विंझणा दुसऱ्या हातात घेतला.

मी सामान घेऊन राहायला आलो. पाहुणे काही दिसेनात. कुणाचं बोलणं नाही, खोकणं नाही, चहाचा कप आत जात नाही. शेवटी घरमालकीणबाईंना, म्हणजे काकूंना, विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कशाचे पाहुणे! बाटल्या आहे त्या. दारूच्या."

घरमालकांना आम्ही काकाजी म्हणायचो. ते आबकारी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी छत्तीसगडच्या जंगलातल्या भट्ट्या शोधण्यात आणि सापडलेली दारू जमिनीवर ओतून देण्यात घालवली. जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे धावणाऱ्या माणसाला तिचा एक तर वीट येतो, नाहीतर वेड लागतं. काकाजींना दुसरं झालं होतं. मडकं जमिनीवर रिकामं करता करता त्यांचं नाक तयार झालं, आणि नाक तयार झालं तसं चांगल्या मालाबद्दल मनात प्रेम उत्पन्न झालं. कुणी फौजेतला मावसभाऊ, कुणी परदेशी गेलेला भाचा, अशांकडून एकेक चांगली बाटली घरी यायची आणि एकदा आली की सहसा परत जायची नाही. पारावरची मंडळी त्यांना दरोगा भैया म्हणायची आणि समजायची की ते रोज टाकून पडतात. प्रत्यक्षात हा माणूस आठवड्यातून एकदा, शनिवारी दिवेलागणीला, देवळात तीर्थ मिळतं त्याहून थोडीशीच जास्त घ्यायचा.

ठेवण्याचं मात्र शास्त्र होतं, आणि ते शास्त्र मला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं.

"व्हिस्की उभी, वाईन आडवी, आणि पिणारा बसलेला," काकाजी म्हणाले. "एवढं पाळलं तर घरात भांडण नाही."

"वाईन आडवी कशाला?"

"बूच ओलं राहाले पाहिजे. उभी ठेवली तर बूच वाळते, हवा आत जाते, झाली वाट. व्हिस्की आडवी ठेवली तर ते बूचच खाऊन टाकते. तिचा स्वभाव तेज आहे. दोघींचा स्वभाव येगळा, दोघींची निजायची रीत येगळी. हलवायची नाही, उजेड दाखवायचा नाही, उन्हाळा लागू द्यायचा नाही."

उन्हाळा लागू न देणं काश्मीरच्या माणसाला सोपं, रायपुरात नाही. घरात थंड खोली एकच होती: मधली, बिनखिडकीची, हातभर जाड भिंतींची. आणि त्या खोलीत काकूंचे देव होते. बाटल्या देवघरात ठेवायच्या हे काकाजींनी घरात कसं मांडलं असेल याची मला कल्पना करवत नाही. तह झाला तो असा: खोलीच्या मधोमध पडदा. अलीकडे देव, पलीकडे बाटल्या. पडदा देवांना बाटल्या दिसू नयेत म्हणून काकूंनी लावला आणि बाटल्यांना समईचा उजेड लागू नये म्हणून काकाजींनी. पडदा एकच, समाधान दोघांचं. शिवाय कूलर त्या खोलीला लागला, त्यावर काकूंचं म्हणणं असं, "माझ्या देवायले तेवढीच हवा भेटते. नाहीतर या माणसानं देवासाठी कधी पंखा आणला असता काय?"

देवांच्या बाजूला काकाजींनी आंघोळीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि बाटल्यांच्या बाजूला काकूंनी झाडू घेऊन यायचं नाही, ही कलमं होती. दोन्ही राष्ट्रं ती काटेकोर पाळायची.

वीज गेली की या राज्यात आणीबाणी लागायची. कूलर थांबला रे थांबला की काकाजी धोतराचा सोगा खोचून उठायचे. गोणपाट भिजवायचे, बाटल्यांवर पांघरायचे, आणि मग तिथेच पाटावर बसून विंझण्यानं वारा घालायचे. एकदा मी दारातून डोकावलो तर हा गृहस्थ घामानं निथळत एका स्कॉच व्हिस्कीला वारा घालतो आहे. काकू माझ्या मागे उभ्या होत्या. "पाहून राहिला ना तू? माझ्या दोन बाळंतपणांत यानं इतका वारा नाही घातला."

"तुले कूलर होता तेव्हा?" आतून आवाज आला.

"नव्हता, म्हणून तर म्हणून राहिली!"

अर्धी झालेली बाटली त्यांना बघवत नसे. रिकाम्या जागेतली हवा आतल्या मालाला खाते, म्हणून ते उरलेली लहान बाटलीत भरायचे. लहान बाटल्या म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या, गुलाबपाण्याच्या, होमिओपॅथीच्या. त्यामुळे त्यांच्याकडची अठरा वर्षांची सिंगल माल्ट व्हिस्की ‘कफ निवारक’ असं लिहिलेल्या बाटलीत मिळे. मोजायला पळी. काकूंच्या पूजेच्या पळीसारखीच तांब्याची, पण वेगळी. अदलाबदल होऊ नये म्हणून काकूंनी आपल्या पळीला लाल दोरा बांधला होता. आणि प्यायला चांदीचं फुलपात्र. काच त्यांना आवडत नसे. "काचेत डोळे पिते. आपल्याले नाकानं प्यायची आहे."

त्यांच्या नाकाची मात्र मी शपथ घेईन. मी ऑफिसातून आलो की ते ओसरीवरूनच सांगायचे, "आज साहेबाच्या केबिनमध्ये बसला होता का? नवा रंग दिला आहे त्या भिंतीले." आणि हे नाक खोटं बोलत नसे, हेही लिहून ठेवलं पाहिजे. सख्ख्या साडूनं हौसेनं आणलेली बाटली हुंगून ते त्याच्या तोंडावर म्हणाले होते, "हिच्यानं खिडक्या पुसा, चांगल्या निघते." साडू वर्षभर घरी आला नाही. काकूंनी पुष्कळ समजावलं, एकदा फोन तरी करा. काकाजी म्हणाले, "बाकी कशाबद्दलही माफी मागतो. वासाबद्दल नाही मागत."

दारू महाग असली की चांगली, असंही त्यांचं नव्हतं. अभनपूरकडचा त्यांचा एक जुना शिपाई कधीतरी मोहाची आणायचा, प्लास्टिकच्या डब्यातून. काकाजी तीही चांदीच्या फुलपात्रातच घ्यायचे. डोळे मिटून हुंगायचे. "हिले कोणी बाटली नाही दिली बिचारीले, लेबल नाही दिलं. नाहीतर हे विलायतवाले हिच्या पाया पडले असते."

राजधानी झाल्यावर गावात नवे ठेकेदार उगवले होते. त्यांतला एकजण शेजारच्या घराच्या कामानिमित्त ओळख काढून आला, लाकडी पेटीतली स्कॉच घेऊन. काकाजींचे डोळे लकाकले. त्यांनी पाट मांडला, फुलपात्रं काढली. पाहुण्यानं पिशवीतून कोल्ड्रिंकची मोठी बाटली काढली आणि म्हणाला, "दादाजी, पहले ये डालो, फिर वो." काकाजी उठले, स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा पितळी गडवा आणला, त्यात ती कोल्ड्रिंकची बाटली काठोकाठ ओतली आणि अदबीनं पाहुण्यासमोर ठेवली. "आपको ये पसंद है न? आराम से पीजिए. इसमें दूसरा कुछ मिला के इसका स्वाद काहे बिगाड़ना?" ठेकेदार गडवाभर गोड पाणी मुकाट्यानं प्यायला. जाताना ढेकर देऊन पाया पडला. ती स्कॉच मी पुढे पळीनं चाखली आहे, आणि त्या ठेकेदाराचं भलं व्हावं असं मला अजून मनापासून वाटतं.

आता शनिवारबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

शनिवारी दिवेलागण झाली, काकूंनी देवापुढे दिवा लावला, शुभंकरोती झालं, की काकाजी आंघोळ केल्यासारखे स्वच्छ होऊन ओसरीवर बसायचे. पुढ्यात दोन फुलपात्रं. दोन, कारण एकट्यानं पिऊ नये हा त्यांचा सगळ्यांत मोठा नियम. "एकटा पितो तो दारुडा. दोघं पितात ते संसारी." दोन्हींत एकेक पळी ओतायची. मग एक फुलपात्र उचलून ते स्वयंपाकघराच्या दारात जायचे.

"घेते काय?"

"नेऊन ठेवा तिकडे."

इतकंच. लग्न झाल्यापासून जवळजवळ दर शनिवारी हा प्रश्न आणि हे उत्तर होत होतं. रागावणं नाही, रुसणं नाही. काकाजी परत यायचे आणि ते दुसरं फुलपात्र नरसाळ्यानं पुन्हा बाटलीत रिकामं करायचे. मी राहायला आल्यावर त्यांनी मला हेरलं. आधी काकूंना विचारायचं, त्यांनी नाही म्हटलं की ते फुलपात्र माझ्याकडे. मी बदली खेळाडू. काकाजींनी मला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, "हे तुमचं नाही बरं का अमरावतीकर. हे तिचं आहे. ती येईपर्यंत तुम्ही धरा."

मी मनात हसलो होतो. काकू म्हणजे एकादशी, चतुर्थी, सोमवार करणारी बाई. ती येणार आणि हे फुलपात्र घेणार! पण काकाजींना मनापासून वाटायचं की एक दिवस ती येईल. त्यांना व्यसनाला सोबती नको होता. त्यांनी जन्मभर जे जपलं ते जिच्यासोबत राहिले तिला एकदा दाखवायचं होतं, इतकंच. आपण गाणं ऐकताना बायकोला हाक मारतो ना, ‘अगं, हे ऐक’, तसं.

आणि आशेला कारणही होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी दोघं गोव्याला गेले होते. ज्या बाईंच्या घरी उतरले त्यांनी दुपारी घरातली जुनी, गोड, लाल वाईन काकाजींपुढे ठेवली. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी ग्लास हातात घेऊन नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "वास मात्र छान आहे हो."

छान! काकाजी हे सांगताना अजूनही दोन बोटं वर करायचे. त्या बाईंकडून त्यांनी तसलीच एक बाटली मागून घेतली आणि काकूंना सांगितलं, ही तुझी. म्हणशील तेव्हा फोडू. काकू म्हणाल्या, पोट्टीचं लग्न होऊ द्या. मुलीचं लग्न झालं. मग म्हणाल्या, पोट्ट्याले नोकरी लागू द्या. मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला. मग नातू झाला की, मग घराला रंग दिला की. बाटली तशीच.

ही एकच बाटली पडद्याच्या देवांच्या बाजूला होती. काकूंचाच हट्ट. "माझी आहे तर माझ्याकडे राहील. तुमच्या त्या कंपनीत नाही ठेवणार मी." देवांशेजारच्या कोनाड्यात, जुन्या लुगड्याच्या घडीवर, ती आडवी निजलेली असायची. काकाजी शनिवारी दिवा लागल्यावर पडद्याच्या कडेनं डोकावून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. "कशी झोपली आहे पाहा. दरवर्षी जास्त गोड होऊन राहिली असंल."

मग एका हिवाळ्यात काकाजींना जिना चढताना धाप लागायला लागली. रायपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदयाच्या नळ्या बंद झाल्या आहेत, नागपूरला जा, छाती उघडावी लागेल. आणि ऑपरेशननंतर दारू बंद. तीर्थाइतकीसुद्धा नाही.

नागपूरची गाडी सोमवारची होती. मध्ये एक शनिवार होता.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी दोन फुलपात्रं मांडली. एरवी मला व्हिस्कीच्या जन्मापासूनचा इतिहास ऐकवणारा माणूस, ‘कफ निवारक’ची बाटली हातात धरून नुसता बसला होता. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत ओसरीच्या दारात आल्या.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझी आणा."

"तुझी कोणती?" काकाजींना खरंच कळलं नाही.

"माझी. गोव्याची."

काकाजींनी हातातली बाटली खाली ठेवली. मग उठले आणि न्हाणीघरात गेले. पाण्याचा आवाज आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवांच्या बाजूला जायचं, तर आंघोळ हवी. कलम ते कलम. मी म्हटलं, "काकू, थंडी आहे, त्यांची तब्येत..." काकू म्हणाल्या, "करू दे. गरम पाणी ठेवलंच आहे मी."

धुतलेलं धोतर नेसून, केस पुसून, काकाजींनी ती बाटली दोन्ही हातांत धरून आणली. बाळ आणावं तशी. पुसली. बूच काढायला लागले तर ते अर्ध्यात मोडलं, भुगा झाला. त्यांच्या कपाळावर आठी आली. उरलेलं हळूहळू काढलं. मग बाटली नाकाशी नेली.

त्या नाकाला मी इतकी वर्षं ओळखत होतो. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते एका क्षणापुरतंच. जन्मभर जिची वाट पाहिली ती गाडी समोरून रिकामी जावी, तसं काहीतरी. मग वास माझ्यापर्यंतही आला. सिरका. वाईनचं चक्क व्हिनेगर झालं होतं.

"झाली काय उघडून?" काकूंनी विचारलं. त्या पाट घेऊन, पदर सावरून, पूर्वेकडे तोंड करून बसल्या होत्या. जणू वैद्यानं काढा दिला आहे.

मला वाटलं, आता सांगतील. साडूला सांगितलं तसं, तोंडावर. वासाबद्दल हा माणूस कुणाची भीड ठेवत नाही.

"झाली," काकाजी म्हणाले. आणि त्यांनी पळीनं मोजून काकूंचं फुलपात्र भरलं, आपलं भरलं, आणि माझ्यासाठी स्वयंपाकघरातून वाटी आणवून तीत थोडी ओतली.

काकूंनी डोळे मिटले आणि एक घोट घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी तो गिळला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "जराशी आंबट लागते. पण छान आहे."

"असतेच ती तशी," काकाजी म्हणाले. "जुनी झाली की येतो तिले तसा आंबटपणा."

आणि त्यांनी आपलं फुलपात्र सावकाश, हुंगत हुंगत, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मी वाटी तोंडाला लावली. माझे दात आंबले ते रविवारी दुपारपर्यंत. काकूंनी मात्र रिकामं फुलपात्र पुढे केलं. "अजून थोडी द्या."

उरलेली बाटली आत ठेवायला काकाजींनी मला सोबत नेलं. पडद्याआड गेल्यावर माझं मनगट धरलं. "समजलं तुम्हाले?"

"हो."

"बूच खराब निघालं. माझंच चुकलं. जन्मभर तिच्यापुढे मिरवलं की ठेवाचं कसं ते मलेच समजते, आणि तिचीच एक बाटली मले नाही ठेवता आली. पण ती छान म्हणाली. ऐकलं ना? दुसऱ्यांदा मागितली. तिले सांगू नका बरं. मी नागपूरहून नाही आलो तरी नका सांगू."

मी कबूल केलं. दुसरं करणार तरी काय!

मी रजा काढून त्यांच्यासोबत नागपूरला गेलो. मुलगा पुण्याहून यायचा होता, त्याची गाडी उशिरा होती. ऑपरेशन चालू होतं आणि दवाखान्याच्या बाकावर काकू आणि मी. काकूंच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. मध्येच त्या म्हणाल्या, "तुझे दात नाही आंबले त्या दिवशी?"

मी दचकलो.

"सिरका होता तो. मी काय वेडी आहे? वर्षानुवर्षं लोणची घालून राहिली मी. वासच आला होता मले, तोंडाले लावायच्या आधी."

"मग काकू, तुम्ही दुसऱ्यांदा..."

"त्यायचं तोंड पाहिलं तू? आमच्या लग्नाच्या फोटोतबी इतकं खुश नाही दिसत ते." त्यांनी डोळे पुसले. "त्यायले नको सांगू रे. नाकाचा आणि ठेवण्याचा इतका गर्व आहे त्यायले. वाटू दे की चांगली राहिली. आता त्यायले दुसरं काय आहे? आणि मी तर किती जपलं होतं तिले. रोज सकाळी उठवायची, दिवा लागला की झोपवायची."

"उठवायची म्हणजे?"

"उभी करायची ना. देवापुढे दिवसाढवळ्या कोणी पाय पसरून झोपतं काय? सकाळी पूजेच्या आधी देवायले उठवलं की तिलेबी उठवायची, पुसायची, उभी ठेवायची. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा आडवी. ते म्हणायचे ना, आडवी ठेवाची, मंग रात्री ठेवायचीच की मी. एक दिवस नाही चुकली. गोव्याहून आणली तेव्हापासून."

दररोज सकाळी उभी, दररोज संध्याकाळी आडवी, दररोज हलवून पुसलेली, बूच दिवसा वाळणार आणि रात्री भिजणार. इतक्या वर्षांत त्या बाटलीला इतकं प्रेम मिळालं होतं की दुसरं कुठलंही बूच याच्या आधीच मोडलं असतं. काकाजींना वाटत होतं त्यांचं चुकलं. काकूंना वाटत होतं काकाजींचं चुकलं. खरं काय ते तिसऱ्यालाच ठाऊक होतं, आणि त्या तिसऱ्यानं बाकावर बसून मनाशी ठरवलं की आपल्याला काही ठाऊक नाही. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी हसून मान हलवली. काकू माझा हात धरून रडल्या. मीही थोडा रडलो. सांगायला लाज कसली.

काकाजी घरी परतले. दारू बंद झाली. कूलर मात्र उन्हाळ्यात पुन्हा त्याच दाराला लागला. "पाहुण्यायले घराबाहेर काढते काय कोणी?" सिरक्याचं काय झालं ते मला काकूंच्या स्वयंपाकघरात दिसलं: बरणीत बारके कांदे भिजत होते. काकाजी भाताबरोबर ते कांदे मिटक्या मारत खायचे. एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "कांदे मात्र एक नंबर झाले." काकू म्हणाल्या, "सिरका चांगला भेटला बाजारात." मी ताटात बघत जेवलो.

मला त्याच सुमारास गावाबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत सरकारी घर मिळालं. पहिले काही शनिवार जाणं झालं नाही. मग एका शनिवारी दिवेलागणीला मुद्दाम गेलो. काकाजी ओसरीवर बसले होते, धुतलेलं धोतर, पुढ्यात दोन फुलपात्रं. ‘कफ निवारक’च्या बाटलीतून पळीनं ओतलं ते आवळ्याचं सरबत होतं. हुंगणं तेच, डोळे मिटणं तेच. सवयीनं मी समोर जाऊन बसलो आणि हात पुढे केला.

काकाजींनी ते फुलपात्र उचललं आणि माझ्या हातावरून पलीकडे नेलं. माझ्यामागे काकू येऊन पाटावर बसल्या होत्या. त्यांनी ते घेतलं, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आज जरा जास्त गोड केलं तुम्ही."

"तुमच्यासाठी चहा टाकतो की, अमरावतीकर," काकाजी मला म्हणाले. "आज फुलपात्रं दोनच आहे."

मी चहा घेतला आणि निघालो. बदली खेळाडूची नोकरी सुटली होती, आणि कुठलीही नोकरी सुटल्याचा मला इतका आनंद झालेला नाही.